एक्कावन्न टक्के कोणाचे?

गेल्या दोन महिन्यांत इथे अमेरिकेतल्या तिघा मराठी ओळखीच्यांचे फोन आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिघांनीही एकच प्रश्न विचारला. ‘सरकारी कामं घ्यायला एखादा माजी सैनिक पार्टनर घेतला की सोपं जातं म्हणे. तुमचं कसं जमलं?’ तिघांनाही तासतासभर सांगितलं. चौथा फोन यायच्या आत लिहून टाकतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. २००६ पासून अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला. कॉम्प्युटर नेटवर्क उभारायचं आणि चालू ठेवायचं, हे आमचं काम. २०१९ मध्ये जुन्या नोकरीतल्या एका सहकाऱ्याबरोबर छोटी कंपनी काढली. तो अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये अकरा वर्षं होता, इराकला दोनदा जाऊन आला. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पाठ कायमची गेलेली. माजी सैनिकांचं जे खातं आहे, व्हीए, त्याने त्याला साठ टक्के अपंगत्व दिलंय. नाव लिहीत नाही. ऑफिसात सगळे त्याला सार्ज म्हणतात, मीही.

कंपनीत त्याचे ५१ टक्के, माझे ४९. हा आकडा कुठून आला ते लपवण्यात अर्थ नाही. १९९९ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने ठरवलं की केंद्राच्या एकूण कंत्राटांपैकी निदान तीन टक्के रक्कम सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या छोट्या कंपन्यांना जावी. २००३ मध्ये त्यांच्यासाठी कामं राखून ठेवायची सोय झाली. (२०२३ च्या शेवटी तीनाचे पाच टक्के झाले.) कंपनी त्यांची म्हणायची तर किमान ५१ टक्के मालकी आणि कारभार त्यांच्या हातात हवा. पहिली अट मी वाचली होती. दुसरीवर नजर फिरवली होती.

वाचायची गरजही पडली नाही. व्हीएची स्वतःची कामं सोडली, तर बाकी सगळीकडे कंपनीचा शब्द पुरायचा. सॅम नावाच्या सरकारी नोंदणीत एका चौकटीत खूण करायची, झालात तुम्ही माजी सैनिकाची कंपनी. मग जे व्हायचं तेच झालं. अमेरिकन संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या जीएओने २००९ मध्ये नुसत्या दहा कंपन्या नमुन्याला घेतल्या, तर त्यांनी लबाडीने मिळवलेली राखीव कामं सुमारे दहा कोटी डॉलरची निघाली. कॅन्सस सिटीच्या अशाच एका लबाडीच्या खटल्यातला आकडा चौतीस कोटी डॉलरच्या वर गेला. इकडे या प्रकाराला ‘रेंट-अ-व्हेट’ म्हणतात, भाड्याचा सैनिक. दारावरची पाटी जखमी सैनिकाची, चेकबुक दुसऱ्याच्या खिशात.

म्हणून १ जानेवारी २०२३ पासून नियम बदलला. पडताळणी एसबीएकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी कार्यालयाकडे गेली. नुसत्या खुणेवर चालणाऱ्या आमच्यासारख्यांना अर्ज करायला ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत मुदत मिळाली.

मी निर्धास्त होतो. आपला सैनिक खरा, त्याचं अपंगत्व खरं, तो रोज कामावर येतो. घाबरायचं त्यांनी.

फेब्रुवारीत अ‍ॅपेक्स अ‍ॅक्सिलरेटरच्या, म्हणजे सरकारी कंत्राटं घेऊ पाहणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या केंद्राच्या, सल्लागार बाईंची वेळ घेतली. ही पहिली टीप: हा सल्ला फुकट असतो. पूर्वी याला पीटॅक म्हणत. आमच्या राज्यात जॉर्ज मेसन विद्यापीठात त्यांचं ऑफिस आहे. अर्ज भरून द्यायला हजारो डॉलर मागणारे सल्लागार गाठण्याआधी इथे जा. बाईंनी आमचं ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे भागीदारीचा करार, मागवून घेतला. २०१९ मध्ये मी इंटरनेटवरून नमुना उतरवून, दोनचार कलमं माझ्या मनाने घालून तो केला होता. बाईंनी तो वीस मिनिटं वाचला आणि चष्मा काढून म्हणाल्या, ‘तुम्ही सांगितलं नसतं तर मी म्हटलं असतं, मालक तुम्ही आणि हे तुमचे नोकर.’

सार्ज शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही. उजवा कान बाईंकडे करून नुसता ऐकत राहिला.

करारात ‘मॅनेजिंग मेंबर’ म्हणून माझं नाव होतं. दहा हजार डॉलरच्या वरच्या खर्चाला दोघांची संमती लागायची, म्हणजे मी नाही म्हटलं की खर्च नाही. माझा पगार वर्षाला सव्वा लाख, त्याचा पंच्याण्णव हजार, कारण तांत्रिक प्रमाणपत्रं माझ्याकडे. सुरुवातीला घरावर कर्ज काढून साठ हजार डॉलर मी घातले होते, त्याला चिठ्ठी ना चपाटी. ऑफिस माझ्या घराच्या तळघरात. सार्ज राहायचा फ्रेडरिक्सबर्गला, म्हणजे आय-९५ वर सकाळी दोन तास. बँकेचं लॉगिन माझ्या फोनवर.

यातली एकही गोष्ट मी लबाडीने केली नव्हती, सगळं सोयीसाठी. पण कारभार कोणाचा हे ठरवणाऱ्या नियमांची यादी वाचताना एकेका ओळीत मीच दिसत होतो. बिनसैनिक भागीदाराला जास्त पगार असेल तर कंपनीच्या हितासाठी तसं का, ते पटवून द्या. बिनसैनिकाच्या पैशावर कंपनी उभी असेल आणि त्यामुळे त्याचा वरचष्मा असेल तर ताबा त्याचा. सैनिक कामाच्या जागेपासून रोज ये-जा करता येणार नाही इतका लांब राहत असेल तर कारभार त्याच्या हातात नाही असं गृहीत, उलटं सिद्ध करायचं तुम्ही.

त्या रविवारी सकाळी काकांना फोन केला. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव अपशिंगे मिलिटरीच्या जवळचं, घरटी एक फौजी. त्यांना सगळं सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरातच. काका हसले. म्हणाले, ‘चौऱ्याण्णव साली गॅस एजन्सीच्या जाहिराती निघाल्या होत्या, माजी सैनिकांना राखीव. एक बागायतदार कंदी पेढे घेऊन घरी आला. सुभेदारसाहेब, सही तुमची, गल्ला आमचा, महिन्याला दोन हजार घरपोच.’

‘मग काका?’

‘मग काय, केली सही. पोरीचं लग्न तोंडावर होतं. एजन्सी लागली नाही म्हणून वाचलो.’ मग थोडं थांबून, ‘तुझ्या त्या सार्जंटाला पेढे कोणी दिले?’

मला उत्तर सुचलं नाही. विषय पावसावर गेला.

मार्चपासून दुरुस्त्या. वकील घेतला, नव्या कराराचे २,४०० डॉलर. माझं ‘मॅनेजिंग’ गेलं आणि सार्ज अध्यक्ष झाला. माझा नकाराधिकार फक्त पाच गोष्टींत उरला: नवा भागीदार घेणं, कंपनी बंद करणं, विकणं, विलीन करणं, दिवाळखोरी. तेव्हाच्या नियमात एवढीच सूट होती. वकिलाने सहावं कलम सुचवलं, मोठं कर्ज काढताना माझी संमती. तर सल्लागार बाईंनी लाल पेनाने काट मारली. साठ हजारांची रीतसर वचनचिठ्ठी केली: ठरलेलं व्याज, ठरलेले हप्ते, हप्ता चुकला तरी कंपनीचा ताबा माझ्याकडे येणार नाही असं स्पष्ट लिहून. मनॅससला दोघांच्या मधोमध एक छोटं ऑफिस, महिना ६५० डॉलर. पगार दोघांचे सारखे, एक लाख दहा हजार.

माझा पगार पंधरा हजारांनी उतरला हे घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. बायको म्हणाली, ‘म्हणजे इतकी वर्षं तू त्याचे पंधरा हजार घेत होतास?’ हिशेब असा नसतो हे मी समजावायला गेलो आणि अर्ध्यातच सोडून दिलं.

नव्याने जाणाऱ्यांसाठी थोडं कागदपत्रांबद्दल. सॅमची नोंदणी फुकट आहे आणि दरवर्षी नवी करावी लागते. नोंदणी करताच ‘तुमची मुदत संपतेय, इतके शे डॉलर भरा’ अशी सरकारी वाटणारी खाजगी पत्रं आणि ईमेल सुरू होतात, ती सरळ फेकून द्या. कंपनीच्या ओळखीचा जुना डन्स क्रमांक एप्रिल २०२२ पासून गेला, आता त्याऐवजी सॅमच यूईआय नावाचा क्रमांक देतं. आमच्या प्रकारच्या कामाचा उद्योग-संकेतांक ५४१५१२. त्यात ‘छोटी’ म्हणवून घ्यायची कमाल मर्यादा वर्षाला तीन कोटी चाळीस लाख डॉलर उलाढाल, ती बघून आम्ही दोघं हसलो. सार्जच्या सेवामुक्तीचा दाखला, डीडी-२१४, त्याच्या आईकडे फ्रेममध्ये लावलेला होता. ती त्रोटक तपशिलांची प्रत निघाली. सेवेचा शेरा असलेली ‘मेंबर-४’ प्रत सेंट लुईसच्या अभिलेखागारातून मागवली, पाच आठवडे गेले. शिवाय व्हीएच्या नोंदीत त्याच्या मधल्या नावाचं एकच अक्षर, सॅममध्ये पूर्ण नाव. ते जुळवण्यात आणखी दोन आठवडे. तुमच्या पार्टनरचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का, हे पहिल्या दिवशी बघा. अपंगत्वाची टक्केवारी कमी आहे म्हणून काळजी करू नका. शून्य टक्के रेटिंगही चालतं, ते सेवेशी जोडलेलं असलं म्हणजे झालं.

अर्ज माजी सैनिकाने स्वतःच्या खात्यातून स्वतः करायचा असतो. ऐकायला किरकोळ वाटतं. चार वर्षं कंपनीची प्रत्येक ईमेल मी लिहीत होतो आणि आता मनॅससच्या त्या खोलीत सार्ज दोन बोटांनी टाइप करतोय आणि मी खुर्चीवर हात धरून बसलोय. दोघांचे बायोडाटा जोडायचे होते. माझा चार पानी, त्याचा सव्वा पानी. मला भीती की हे बघून ते म्हणतील, खरा जाणकार कोण ते दिसतंच आहे. पण नियम नीट वाचला तर तांत्रिक ज्ञान सैनिकाकडेच हवं असं नाही. ज्याच्याकडे ते आहे त्याच्यावर त्याची खरी देखरेख हवी, आणि एवढा धंदा चालवण्याचा व्यवस्थापनाचा अनुभव हवा. सार्जने लिहिलं, ‘इराकमध्ये बावीस माणसं आणि त्यांची सगळी उपकरणं माझ्या जबाबदारीवर होती.’ एवढंच. मी त्यात विशेषणं घालायला गेलो, त्याने ती खोडली.

१७ मे २०२३ ला अर्ज गेला. शुल्क शून्य.

मग वाट बघणं. अर्ज पूर्ण झाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाल, असं नियम म्हणतो. त्यातल्या ‘शक्यतो’ या शब्दाची ओळख आपल्याला भारतातून येतानाच असते. जूनच्या शेवटी प्रश्न आले, सार्जच्या नावाने. तो आठवड्यातून दोन संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात शिकवतो, मग कंपनीला पूर्ण वेळ कसा देतो? त्याने कॉलेजचं वेळापत्रक जोडलं. जुना करार का बदलला? इथे मी घाबरलो. म्हटलं, ‘वकिलाने सुचवलं असं लिही.’ त्याने लिहिलं, ‘जुना करार नियमाप्रमाणे नव्हता हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं, म्हणून बदलला.’ २१ ऑगस्टला प्रमाणपत्र आलं, तीन वर्षांचं.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली, हे तिघाही मित्रांना पटलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये एका उद्योजक मेळाव्यात एका मोठ्या कंपनीचा माणूस भेटला. छान कॉफी पाजली. वीस लाखांचं एक राखीव काम येतंय, बोली तुमच्या नावाने लावू, माणसं आमची, यंत्रं आमची, तुम्हाला पाच टक्के घरबसल्या. मी पार्किंगमध्ये जाऊन पाकिटाच्या मागे गणित केलं. एक लाख डॉलर. हो, केलं मी गणित.

कायद्याने ते चालत नाहीच. सेवांच्या राखीव कामात सरकारकडून मिळालेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त पैसा आपल्यासारखा दर्जा नसलेल्या उपकंत्राटदारांना देता येत नाही. (साध्या बांधकामात ही मर्यादा ८५ टक्के आहे.) खोट्या दर्जावर काम घेतलं असं ठरलं तर सरकारचं नुकसान नफ्याएवढं नाही, कंत्राटाच्या पूर्ण रकमेएवढं धरलं जातं. वर दहा वर्षांपर्यंत तुरुंग आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण सार्जला मी हे काही सांगायच्या आधीच त्याने उत्तर दिलं होतं. ‘म्हणजे त्यांना माझा कान भाड्याने हवाय. देत नाही.’ तक्रार करायला एसबीएच्या महानिरीक्षकांची हॉटलाइन आहे. आम्ही केली नाही. लेखी काही नव्हतं, हे कारण मी स्वतःला दिलं.

एप्रिल २०२४ मध्ये एका राखीव कामात आमची बोली पहिली आली. पाचव्या कामकाजाच्या दिवशी, दुपारी, कंत्राट अधिकाऱ्याचा निरोप: मागे पडलेल्या एका कंपनीने आमच्या दर्जावर हरकत घेतली आहे. अशी हरकत, कोणाची बोली पहिली आली याची नोटीस मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांतच घ्यावी लागते. ती अधिकाऱ्याकडे देतात आणि तो एसबीएच्या सुनावणी कार्यालयाकडे, ओएचएकडे, पाठवतो. तिथे न्यायाधीश असतात. आम्हाला उत्तराला पंधरा दिवस.

हरकतीत लिहिलं होतं की कंपनीचा खरा मालक मी आहे. पुरावा म्हणून माझ्या लिंक्डइन पानाचा फोटो: ‘संस्थापक आणि सीईओ’. २०१९ मध्ये टाकलेलं, बदलायचं राहून गेलेलं. करार बदलला, बँक बदलली, ऑफिस बदललं आणि जगाला दिसणारी एकमेव पाटी तशीच. वकील म्हणाला, नुसता मोघम संशय असता तर हरकत दारातच फेटाळली गेली असती. हा फोटो आहे म्हणून उत्तर द्यावं लागणार. त्या फोटोची किंमत ६,८०० डॉलर पडली. आजच जा आणि आपलं पान, जुनी वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड, मंडळाच्या स्मरणिकेतली जाहिरातसुद्धा तपासा.

पहिले दोन दिवस मला त्या कंपनीचा भयंकर राग आला. तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिताना त्यांची हरकत पुन्हा वाचली. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

पुरावे गोळा केले. बँकेत सह्यांचा अधिकार कोणाला, पगाराच्या नोंदी, वचनचिठ्ठीचे हप्ते, बैठकांची टिपणं. (बैठकांची टिपणं ठेवत जा. दोघांचीच कंपनी असली तरी. तारीख आणि निर्णय एवढंच पुरतं.) पण वकिलाला सगळ्यात आवडला तो एक ईमेल, जो मी द्यायला तयार नव्हतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मला एका कामाला बोली लावायची होती. तीन आठवडे राबून तयार केलेली. सार्ज म्हणाला, माणसं पुरणार नाहीत, लावायची नाही. त्या रात्री मी त्याला रागाने लिहिलं होतं, ‘शेवटी ठरवणार तूच, तर मला विचारतोस कशाला?’

वकिलाने ते वाक्य पिवळं केलं. म्हणाला, ‘हे मी लिहून घेतलं असतं तरी इतकं चांगलं आलं नसतं.’ कारभार कोणाच्या हातात आहे याचा कंपनीतला सगळ्यात स्पष्ट कागद म्हणजे माझी ती चिडचिड. परिशिष्टात आठव्या क्रमांकावर लागली. सार्जने ती न्यायाधीशांसाठी पुन्हा एकदा वाचली आणि पहिल्यांदाच विचारलं, ‘इतका चिडला होतास?’

जूनमध्ये निकाल आला, हरकत नामंजूर. मधले सात आठवडे काम अडून राहिलं, दोन नव्या माणसांना ‘थोडं थांबा’ सांगावं लागलं. त्यातला एक थांबला नाही.

काकांना कळवलं. ते म्हणाले, ‘चांगलं झालं. चेकवर सही कोण करतं मग?’ ‘तोच करतो काका.’ ‘आणि तू?’ ‘मी बिलं बनवतो.’ ‘कारकून झालास की रे,’ असं म्हणून खूप वेळ हसत होते.

प्रमाणपत्राची मुदत ऑगस्ट २०२६ पर्यंत. नूतनीकरणाची फाइल आत्तापासून उघडून ठेवली आहे, सार्जच्या कपाटात, चावी त्याच्याकडे. जानेवारीत मी त्याच्याकडे पगारवाढ मागितली. माझा पगार त्याच्यावर जाणार, म्हणजे कारण लेखी द्यावं लागणार. विचार करून सांगतो म्हणाला. अजून विचार चालू आहे.